गॅसचं बिल आणि घरातली पाच माणसं: हिवाळा २०२४-२५ च्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

घर इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ लोअर अर्लीला, १९८३ चं, सेमी (एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक), तीन बेडरूम. गॅसचा कॉम्बी बॉयलर (नळाचं आणि रेडिएटरचं पाणी एकाच यंत्रात तापतं), नऊ रेडिएटर (आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारे). गेल्या वर्षभरात गॅस गेला १५,२०० युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, विजेसारखंच). ऑफजेम (इथली गॅस-विजेची नियामक संस्था) सर्वसाधारण घराला वर्षाला ११,५०० युनिट धरतं, म्हणजे आम्ही बरेच वर. आणि या वर्षी आई-बाबा (माझे सासू-सासरे) वाईहून मार्चअखेरपर्यंत राहायला आलेत, म्हणजे दिवसभर घर गरम लागणार.

आत्तापर्यंत मी प्रत्येक हिवाळ्यात बॉयलरलाच दोष देत आले. पण भिंतीला लागून असलेलं शेजारच्या आजींचं घर आमच्या घराचं आरशातलं रूप आहे, बॉयलर आमच्यापेक्षा जुना, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना दिवसाला वीसेक युनिट लागतात. अमेरिकेत न्यू जर्सीला ट्विन रिव्हर्समध्ये १९७० च्या दशकात एकसारख्या घरांचा अभ्यास झाला होता, तिथेही एका घराला दुसऱ्याच्या दुप्पट इंधन लागत होतं आणि बराचसा फरक राहणाऱ्या माणसांमुळे होता. म्हणून या वर्षी मशीन सोडून माणसांकडे बघायचं ठरवलं, मी स्वतः त्यात आलेच.

खर्च आजचा: चार छोटे डिजिटल थर्मामीटर, आर्द्रता पण दाखवतात, २२ पाउंड. हॉल (मुख्य दारातून आत आल्यावरचा बोळ), बैठकीची खोली, आई-बाबांची खोली आणि मागच्या अंगणातल्या शेडच्या सावलीत एक.

२७ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे गेली. बॉयलरचं टायमर जुन्या पद्धतीचं आहे, ते आपोआप बदलत नाही, गेल्या वर्षी ते डिसेंबरपर्यंत तसंच होतं म्हणजे सव्वा महिना घर आम्ही झोपेत असताना तापत होतं आणि उठल्यावर गार. आज आठवणीने बदललं. पाच मिनिटांचं काम.

१० नोव्हेंबर

पहिला मोजलेला आठवडा, आणि पहिली मोठी चूक.

मी रोज रात्री बाहेरच्या पेटीतल्या मीटरचा आकडा वहीत लिहीत होते. आठवड्याचे ३४. दिवसाला पाचसुद्धा नाहीत. मी खूश, शेजारच्या आजी वीसवर आणि आपण पाचवर, मग बिल एवढं कसं, कंपनीला ईमेल लिहायला बसले. बाबा शेजारी चहा घेत होते, त्यांनी वही ओढून घेतली. बाबांची सगळी नोकरी एमएसईबीत बिलिंगला गेली. म्हणाले, "अगं, हे युनिट नाहीत, घनमीटर आहेत. मीटरवर लिहिलंय बघ."

बरोबर होतं. हिशोब असा: घनमीटर गुणिले १.०२२६४, गुणिले गॅसचं उष्मांक मूल्य (बिलावर असतं, आमच्याकडे ३९.५ च्या आसपास), भागिले ३.६. म्हणजे एक घनमीटर म्हणजे साधारण ११.२ युनिट. ३४ चे झाले ३८१. दिवसाला ५४, आजींच्या अडीचपट. तेही बाहेर १० अंश असताना.

त्या दिवसापासून वही बाबांकडे गेली. रोज रात्री नऊला टॉर्च आणि टोपी घालून बाहेर जाऊन रीडिंग घेतात, तिरपी रेघ मारून सही करतात.

१२ नोव्हेंबर

नुसते आठवड्याचे युनिट बघून काही कळत नाही, थंडी जास्त तर गॅस जास्त. म्हणून इथे वापरतात ती पद्धत घेतली: बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान १५.५ मधून वजा करायचं, सात दिवसांची बेरीज करायची. गेल्या आठवड्याची ३८.५ आली. अंघोळ-भांड्यांच्या गरम पाण्याचे दिवसाला १३ युनिट (उन्हाळ्याच्या बिलावरून अंदाज, अधिक दोन माणसं) वजा केले तर हीटिंगचे उरले २९०. २९० ला ३८.५ ने भागलं की ७.५. हा आकडा खाली आणायचा. पुढे ज्याला मी "आकडा" म्हणेन तो हाच.

१६ नोव्हेंबर

या आठवड्यात जे केलं ते करू नका.

थर्मोस्टॅट (घर किती अंशांवर ठेवायचं ते ठरवणारं बटण) हॉलमध्ये, मुख्य दाराशेजारी. दिवसभरात त्याला चौघं हात लावतात. बाबा सकाळी फिरून आले की २८ वर नेतात. नवरा घरून काम करतो, तो २२ वर. आई मध्येच बंद करतात, कोंडल्यासारखं होतं म्हणून. मी आले की १७. तर मी १४ पाउंडांची पारदर्शक पेटी आणली, किल्लीवाली, ऑफिसात असते तशी, आणि थर्मोस्टॅट १७ वर कुलपात ठेवला. किल्ली माझ्या पर्समध्ये.

कोणी काही बोललं नाही. बाबा दोन दिवस घरात ओव्हरकोट घालून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे बीपी घेतलं, १५८/९४. गेल्या महिन्यातली नोंद १४२/८६ ची. थंडीत बीपी चढतं हे मला माहीत होतं, तरी मी पैशाकडे बघत बसले. जागतिक आरोग्य संघटना थंड देशांत घरात किमान १८ म्हणते, म्हातारी माणसं असतील तर त्याहून जास्त लागू शकतं. १७ हा आकडा मी कुठून आणला तर कुठूनच नाही, मला १७ ला चालतं म्हणून. पेटी काढली, बाबांची माफी मागितली. भिंतीला चार भोकं राहिली ती अजून बुजवायची आहेत.

१७ ते २२ नोव्हेंबर

दुसरी चूक, लगेच पुढच्या आठवड्यात. बॉयलरमधून रेडिएटरला जाणारं पाणी ७५ अंशांवर सेट होतं. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर परत येणारं पाणी ५५ च्या खाली यायला लागतं, तरच तो धुरातल्या वाफेची उष्णता वापरतो, नाहीतर ती बाहेरच्या नळीतून जाते. म्हणून सेटिंग कमी करायचं असतं. मी एकदम ५० केलं आणि घरात कोणाला सांगितलं नाही.

नेमकी मंगळवारपासून थंडीची लाट, बर्फ. रेडिएटर हाताला कोमट. आई म्हणाल्या, "बॉयलर बिघडलाय, मला काही सांगू नको." नवऱ्याने माळ्यावरचा २ किलोवॅटचा फॅन हीटर काढून आई-बाबांच्या खोलीत लावला, चार दिवस, रोज पाचेक तास. ४० युनिट वीज. विजेचं युनिट आम्हाला साडेचोवीस पेन्सला पडतं आणि गॅसचं सव्वासहाला, म्हणजे दहा पाउंड त्या एका हीटरचे. गॅसमध्ये वाचले असतील तीन.

पैशांपेक्षा जास्त काय गेलं तर घरच्यांचा विश्वास. आता मी बॉयलरजवळ गेले तरी आई स्वयंपाकघरातून विचारतात, "काय करतेयस?"

दुरुस्ती: परत ७०. मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी, आणि सकाळी हीटिंग पाऊण तास लवकर सुरू, कारण कोमट पाण्याने घर हळू तापतं. आणि प्रत्येक वेळी आधी सांगायचं. (नंतर जोडलेली ओळ: डिसेंबरअखेर ५८ वर स्थिर झालं, कोणाची तक्रार नाही.)

२४ नोव्हेंबर

रविवारी जेवणानंतर सगळ्यांना बसवलं. कमी करा असं एकदाही म्हणायचं नाही, फक्त विचारायचं की तू हे का करतोस, तुम्ही हे का करता. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

बाबा: "गॅसची शेगडी मोठी केली की पाणी लवकर तापतं, तसंच हे." म्हणून २८.

आई रोज सकाळी सहाला सगळ्या खिडक्या तासभर उघड्या टाकतात, नेमकं हीटिंग सुरू व्हायच्या वेळेला. कारण फोडणीचा वास. नातीने एकदा येऊन सांगितलं होतं की शाळेत मैत्रीण म्हणाली तुझ्या कोटाला कांद्याचा वास येतो. तेव्हापासून. हे मला माहीतच नव्हतं, लेकीने आजीला सांगितलं आणि मला नाही.

नवरा बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला की २००९ ला शिकायला आलो तेव्हा खोलीत पाच-पाच पाउंड भरायचं प्रीपेड मीटर होतं, महिनाअखेरीला टॉपअप संपलं की अंथरुणात कोट घालून अभ्यास केलाय, आणि तेव्हाच ठरवलं होतं की स्वतःच्या घरात थंडीत बसायचं नाही. लग्नाला तेरा वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्याला इतकी वर्षं उधळ्या म्हणत होते.

लेक: शॉवरखाली पंधरा मिनिटं, कारण बाहेर आलं की गार लागतं.

आणि मी: गेली सहा वर्षं ओले कपडे रेडिएटरवर वाळत घालते, जागा नाही म्हणून.

पाच माणसं, पाच कारणं, त्यातलं एकही खोटं नाही. आता यातलं एकेक घ्यायचं.

३० नोव्हेंबर

बाबांचं. त्यांना समजावलं नाही, त्यांच्याच हातात घड्याळ आणि थर्मामीटर दिला. बुधवारी सकाळी थर्मोस्टॅट २० वर, बैठकीची खोली १६.५ पासून १९ ला यायला ५२ मिनिटं. गुरुवारी २८ वर, तीच खोली, ५४ मिनिटं. आमचा बॉयलर फक्त चालू आणि बंद एवढंच ओळखतो, २८ म्हटल्याने जास्त जोरात पेटत नाही. पण २८ च्या दिवशी तो थांबलाच नाही आणि साडेनऊला खोली २३.५. बाबांनी वहीत लिहिलं, "२८ ने वेळ वाचत नाही." खाली सही. त्यानंतर एकदाही २८ झालं नाही.

आईंचं. खिडक्या बंद करायला सांगितलं नाही. हीटिंगची वेळ बदलली, आणि खिडक्या आधी, सगळ्या एकदम, समोरासमोर, दहा मिनिटं सताड. वारा खेळतो आणि भिंती गार होत नाहीत. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद आणि तिथलीच खिडकी उघडी. आमच्या गॅसवरचा हूड बाहेर हवा टाकतच नाही, गाळून परत आत सोडतो, हे या निमित्ताने कळलं, सहा वर्षं त्याच्यावर भरवसा ठेवून होतो. आणि कोट आता वरच्या कपाटात, दाराशी नाही. खर्च शून्य.

८ डिसेंबर

माझं. आई-बाबांच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं तर मागे भिंतीला काळी बुरशी, साधारण पोळपाटाएवढी. खोलीत आर्द्रता ७८ टक्के. पाच माणसांचे ओले कपडे रेडिएटरवर, ते पाणी हवेत जातं आणि सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसतं. वर कपड्यांनी रेडिएटर झाकला की खोली तापत नाही, मग थर्मोस्टॅट वाढवा, असं चक्र.

बुरशी धुऊन काढली, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, भिंत पूर्ण वाळवली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. मग १६० पाउंडांचा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी शोषून घेणारं मशीन) घेतला, जिवावर आलं होतं. कपडे आता छोट्या खोलीत स्टँडवर, दार बंद, मशीन सहा तास. २०० वॅट धरला तर दिवसाला तीस पेन्स. पहिल्या रात्री टाकीत दीड लिटर पाणी निघालं, आईंनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं, हे सगळं आपल्या श्वासात होतं म्हणाल्या. आर्द्रता आठवड्यात ५८ वर.

१५ डिसेंबर

थर्मोस्टॅट हॉलमध्ये असणं हाच मूळ घोळ होता. कोणी बसत नाही अशा गार जागेचं तापमान बघून बॉयलर चालतो, बैठकीची खोली तापली तरी हॉल मागेच राहतो. वायरलेस थर्मोस्टॅट घेतला, ९५ पाउंड, बसवायला गॅस सेफवाला (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला) माणूस ११० पाउंड. पहिल्या फेरीत मी चुकीचा रिसीव्हर मागवलेला निघाला, तो परत, दुसरी फेरी, माझी दीड दिवस रजा गेली. घ्यायच्या आधी बॉयलरच्या आतल्या वायरिंगचा फोटो काढून त्या माणसाला पाठवा.

आता थर्मोस्टॅट आई-बाबा बसतात त्या खोलीत, २० वर. बाकी खोल्यांच्या रेडिएटरचे नॉब दिवसा दोनवर.

नवऱ्याचं पण आजच. त्याच्या खोलीत बसून बघितलं तर टेबल रेडिएटरला चिकटून, सगळी ऊब टेबलाखाली अडकलेली, आणि पाठ बाहेरच्या भिंतीला. टेबल आतल्या भिंतीकडे फिरवलं, दोघांनी मिळून चाळीस मिनिटं. संध्याकाळी तो म्हणाला की आज मी एकदाही २२ केलं नाही. नॉब चारवर आहे आणि तो चारवरच राहणार, त्याला मी हात लावणार नाही.

२२ डिसेंबर

पडदे जमिनीपर्यंत होते, रात्री ओढले की रेडिएटर पडद्याच्या मागे, म्हणजे ऊब खिडकीच्या काचेला. आईंनी चारही पडदे हाताने दुमडून शिवले, खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आणले. तीन दुपारी लागल्या.

मुख्य दाराच्या लेटरबॉक्सची झडप सैल, हात धरला तर वारा सरळ लागतो. ब्रशवाली पट्टी लावली, ९ पाउंड, तरी दाराच्या कडांनी येतोच. आई येताना तीन जुन्या सुती साड्या घेऊन आल्या होत्या, त्यांची गोधडी घालायला घेतली होती नातीसाठी. ती दाराच्या मापाची केली. कडेपासून आत-आत जाणारे धावदोरे, मध्ये जुनी चादर, वर हिरवी इरकल, तिचा काठ तसाच ठेवलेला. दाराच्या आतल्या बाजूला १२ पाउंडांच्या दांडीवर लावली. पहाटे हॉल १४.५ असायचा, आता १६.

११ जानेवारी २०२५

वर्षातला सगळ्यात थंड आठवडा. आमच्या शेडजवळ पहाटे उणे ५ पर्यंत गेलं. पाण्याचं सेटिंग ६२ केलं तेवढ्यापुरतं, सांगून. आठवड्याची थंडी (१५.५ मधून वजा करून आलेली ती बेरीज) ९८, हीटिंगचे युनिट ५१०, आकडा ५.२. बैठकीची खोली पूर्ण वेळ २०. बाबांचं बीपी १४० च्या आसपास.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या घेऊन आई आणि मी शेजारच्या आजींकडे गेलो. तीन महिने मी घरात सगळ्यांना त्यांचं उदाहरण देत होते, बघा, तसंच घर, वीस युनिट.

आत गेलो तर आमच्यासारखाच हॉल, आमच्यासारखंच स्वयंपाकघर, पण श्वासाची वाफ दिसत होती. सगळं घर बंद. त्या मागच्या एका खोलीत राहतात, खुर्ची, पलंग, केटल सगळं तिथेच, अंगात कोट आणि बोटं उघडी राहतात तसले हातमोजे. टेबलावरच्या थर्मामीटरवर १५. वय ७९. सरकारचं विंटर फ्युएल पेमेंट (वृद्धांना हिवाळ्यातल्या इंधनासाठी मिळणारी रक्कम) या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये पेन्शन क्रेडिटसारखी कमी उत्पन्नाची मदत मिळणाऱ्यांपुरतंच ठेवलं, त्यांच्या वयाला दोनशे पाउंडांचा प्रश्न होता, त्यांची पेन्शन त्या मर्यादेच्या थोडी वर आहे. त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

आईंना इंग्रजी फार येत नाही. त्यांनी आजींचे हात हातात घेतले आणि घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. आल्यावर पहिलं वाक्य, "यांच्यासारखं करा म्हणत होतीस ना."

वहीत मी वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने २० लिहून ठेवलं होतं. ते खोडलं.

२ फेब्रुवारी

अंघोळीचं पटकन. आई-बाबा टबात बादली ठेवून तांब्याने अंघोळ करतात, एका बादलीला २० लिटर, १० अंशाचं पाणी ४० करायला ०.७ युनिट. लेकीचा पंधरा मिनिटांचा शॉवर १२० लिटर, ४.२ युनिट. तिला बादली घे असं नाही सांगितलं, तिच्या अंघोळीआधी बाथरूमचा रेडिएटर वीस मिनिटं चालू ठेवतो आणि टॉवेल त्याच्यावर. बाहेर गार लागत नाही म्हटल्यावर सहा-सात मिनिटांत येते.

१६ मार्च

एकूण खर्च: थर्मामीटर २२, वाया गेलेली पेटी १४, डीह्युमिडिफायर १६०, थर्मोस्टॅट ९५, बसवणं ११०, पट्टी ९, दांडी १२. चारशे बावीस पाउंड. फॅन हीटरचे दहा वेगळे.

आकडा नोव्हेंबरात ७.५, फेब्रुवारीपासून ५.० ते ५.३. जसं चाललं होतं तसंच चालू ठेवलं असतं तर डिसेंबर ते मार्चमध्यापर्यंत साधारण २,४०० युनिट जास्त गेले असते, गॅसचे दीडशे पाउंड. डीह्युमिडिफायरची वीज तीसेक पाउंड वजा. म्हणजे खर्च निघायला तीन-चार हिवाळे जातील. कोणी एका वर्षात पैसे वसूल होतात म्हणून हे करत असेल तर तसं होत नाही. पहिला पाउंड खर्च करायच्या आधी २४ नोव्हेंबरची बैठक घ्या, ती फुकट आहे.

२९ मार्च

आई-बाबा उद्या निघतात, पाडवा विमानात. बाबांनी वही लेकीला दिली, मीटरची पेटी कशी उघडायची आणि लाल आकडे का सोडायचे ते दाखवलं.

आईंनी फेब्रुवारीभर बसून दुसरी गोधडी घातली, ती शेजारच्या दारावर लागली. दांडी नवऱ्याने बसवली, लेटरबॉक्सची पट्टीही. कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) मदतीचा फॉर्म मी आजींबरोबर बसून भरला, त्याचं उत्तर यायचंय. खोली आता १८ ला ठेवतात, दुपारी स्वयंपाकघराचंही दार उघडं असतं. मार्चमध्ये थंडी कमी असूनही त्यांचे दिवसाचे युनिट २० वरून २६ झालेत. आज सकाळी त्यांनीच मला काळजीने सांगितलं की जास्त जातंय, आणि पुढच्या हिवाळ्याचं बिल कसं बसेल ते काढायला आम्ही दोघी उद्या विमानतळावरून आल्यावर बसणार आहोत.